संत्र्याचं रबर

नंदनवन, नागपूर
१३ मार्च १९७७

रविंद्रदादा,

फाडायची असेल तं फाडजो, पण शेवटपर्यंत वाचून फाडजो. मागची इंग्रजीतली चिठ्ठी तू न फोडताच परत पाठवली. पोस्टमननं ती आईच्या हातात ठेवली तं आई म्हणे, "कॉन्व्हेंटात घातलं तेच चुकलं वं. भावाले बी इंग्रजीत लिहिते का कोणी?" म्हणून या वेळेस घरी बोलतो तसंच लिहून राहिली. मराठी शुद्ध नाही माझं, हसू नको.

आता खरं सांगते. तू कुहीले काकांच्या राइस मिलवर गेला तेव्हा मले म्हटलं होतं, "त्या केमिस्ट्री डिपार्टमेंटची पायरी चढशील तं मले दादा म्हणू नको." मी चढली. एवढंच नाही, मी एम.एस्सी. फायनलले आहे. मागच्या बाजूची लॅब, खिडकीतून कडुनिंब दिसते ते टेबल. ज्या टेबलावर तू उभा राहत होता, त्याच टेबलावर मी उभी राहते. आणि तुले दादाच म्हणून राहिली आहे. काय करशील?

प्रोजेक्टसाठी प्रत्येकानं आपापला विषय मागायचा होता. पांढरीपांडे सरांनी विचारलं तेव्हा मी उभी राहून म्हटलं, "संत्र्याच्या सालीपासून रबर." लॅबमध्ये सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सर चष्मा काढून म्हणाले, "हा विषय एकदा होऊन गेला आहे." मी म्हटलं, "सुरू झाला होता सर. होऊन नाही गेला." मागून एक पोट्टा हळूच बोलला, "खाली फ्लास्क की बहन है बे."

हो, तुझ्या रिकाम्या फ्लास्कवरून पडलेलं ते नाव अजून आहे. काचेच्या सामानाचं लाकडी कपाट आठवते? त्याच्या दाराच्या आतल्या बाजूले कोणीतरी पेन्सिलनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे, "आर. खाली फ्लास्क". सहा वर्षं झाली. कपाटाले बाहेरून पॉलिश झालं, आतून कोणी हात लावला नाही. रोज बीकर काढताना मले ते दिसते. मी एकदा बोटानं घासून पाहिलं, गेलं नाही.

आणि त्याच कपाटात खालच्या फळीवर तुझा ॲपरेटस जसाच्या तसा आहे! इलेक्ट्रिक शेगडीची तार काचेच्या कांडीवर गुंडाळून तू बनवलेली ती कॉइल. कोळिष्टकं पुसली आणि करंट दिला तं लाल झाली गा. सहा वर्षांनी पहिल्याच झटक्यात. मले एवढा आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

चिठ्ठी नाही लिहिली तरी चालते. फक्त वाच.

तुझी
चारू

१० एप्रिल १९७७

दादा,

चिठ्ठी परत नाही आली, म्हणजे वाचली. आता माझं ऐकावंच लागेल.

काकू तुझ्याजवळ बसून असेल तं तिले वाचून दाखव, मी सोपं करून लिहिते. संत्र्याच्या सालीत जे तेल असते, ज्यानं दिव्याजवळ साल पिळली की फुरफुर पेटते, त्यात मुख्य चीज एकच, लिमोनिन. त्याच्यात दहा कार्बन. आणि गंमत अशी की पाच-पाच कार्बनच्या दोन फोडी एकमेकीले दोन ठिकाणी चिकटलेल्या असतात. लाल तारेवरून त्याची वाफ गेली की बरोबर ते दोन बंध तुटतात. संत्रं मधून उघडल्यासारखं. दोन फोडी मोकळ्या. त्या फोडीचं नाव आयसोप्रीन. आणि हजारो आयसोप्रीन हातात हात घालून रांगेत उभे राहिले की रबर. झाडातून जे रबर येते ना, त्यात बी हेच. हे मी तुझ्याचकडून शिकली. मी मॅट्रिकले होती, तू जेवताना ताटात खरोखरच्या फोडी मांडून दाखवलं होतं आणि बाबा म्हटले होते, "खायचं पाहा आधी."

सालीसाठी मी बर्डीच्या बाजारात ज्यूसवाल्या ताराचंदकडे गेली. म्हटलं, सालं द्या. तो म्हणे, "किती?" मी म्हटलं, सगळी. तो म्हणे, "बेटी, गाय पाळली का?" मी म्हटलं, रबर बनवते. त्यानं बाजूच्या पानवाल्याले हाक मारली, "सुन रे, ये लडकी मेरे छिलके से टायर बनायेगी!" आता मी गेली की दोघं बी विचारतात, "टायर झाला का?" पण पोतं भरून ठेवतात बिचारे. वाफेनं तेल काढलं. दोन दिवस लॅब अशी महकली की झूऑलॉजीवाले बी डोकावून जात होते.

मग तेल फ्लास्कमध्ये घातलं, उकळलं, तार लाल केली. पुस्तकात लिहिलं तसंच केलं, पुढची फ्लास्क थंड पाण्यात बुडवून ठेवली, नळाची रबरी नळी लावून पाणी चालू. सकाळपासून दुपारपर्यंत बसली.

दादा, तेल कमी होत गेलं. आणि पुढची फ्लास्क कोरडी.

मी हलवून पाहिली, उलटी केली. थेंब नाही. तो पोट्टा आला आणि सगळ्यांसमोर म्हणे, "खाली फ्लास्क नंबर दो!" मी तार बंद केली. मग घरी आली. आईनं विचारलं, "काहून तोंड पाडून बसली?" मी म्हटलं, गर्मी आहे.

पण एक गोष्ट मी फक्त तुलेच सांगते. फ्लास्क कोरडी होती, पण वास होता. संत्र्याचा नाही. सायकलच्या नवीन ट्यूबसारखा, थोडा पेट्रोलसारखा. तू बी हेच म्हटलं होतं ना? व्हायवात सरांपुढे तू म्हटलं, "सर, वास आला होता." आणि सर म्हणाले, "वासाची डिग्री मिळत नाही, रविंद्र." आणि बाहेरून आलेले एक्झामिनर हसले. तू घरी येऊन हे एकदाच सांगितलं, नंतर कधीच नाही. रिझल्ट पाहायले बी गेला नाही.

दादा, मले बी वास आला. खोटं नाही सांगत. म्हणजे तू बी खोटं नव्हतं सांगितलं.

चारू

२ मे १९७७

दादा! दादा गा!

बसून वाच. मिलचा पट्टा बंद कर आणि मग वाच.

आज दुपारी मी तिसऱ्या वेळेस तेच करून राहिली होती आणि तेच होऊन राहिलं होतं. फ्लास्क कोरडी. चिडून मी क्लॅम्प सैल करायले गेली आणि बोट भाजलं. पळत बेसिनपाशी गेली, नळ सोडला, बोट खाली धरलं, आणि चिल्लावली! पाणी बोटापेक्षा गरम!

तू बी नागपुरातलाच ना गा? मे महिन्यात दुपारी आपल्याकडे नळाखाली कोणी हात धरते का? गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात. आई आंघोळीचं पाणी सकाळीच भरून ठेवते, दुपारी नळाचं पाणी आलं तं म्हणते, "चहा टाका याच्यात." घरी आपल्या सगळ्यांले माहीत. पण लॅबमध्ये पाय ठेवला की आपण विसरतो. पुस्तकात 'थंड पाणी' लिहिलं आहे, लॅबचा नळ म्हणजे थंड पाणी. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावी नळाचं पाणी थंड असेल, बर्फ पडत असेल त्याच्या गावी! आपण इंग्रजी वाचलं की आपलं ऊन विसरून जातो.

मी थर्मामीटर धरला. एकेचाळीस.

आणि आयसोप्रीन उकळते चौतीसले. चौतीस तुले बी पाठ होतं, मले बी पाठ होतं, सरांले तं झोपेत बी येते. पण कोणी नळाले हात नाही लावला.

तू बनवलं होतं, दादा. तुझी फ्लास्क खाली नव्हतीच. तारेवर बंध तुटले, आयसोप्रीन झालं, फ्लास्कमध्ये आलं, तिथं एकेचाळीस डिग्री पाहिली आणि खिडकीतून कडुनिंबावर निघून गेलं. तुझी व्हायवा बी मे मध्येच होती ना? डिसेंबरात असती तं तू आज पांढरीपांडे सरांच्या बाजूच्या खोलीत बसला असता.

मी लॅबमध्ये नाचली. खरंच. तो पोट्टा म्हणे, "भाज लिया क्या?" मी म्हटलं, हो, भाजलं, आणि बोट वर करून दाखवलं.

पण अजून कोणाले सांगितलं नाही. सांगितलं तं म्हणतील, भावाची बाजू घेते. आता बनवून दाखवते. व्हायवा २४ मेले आहे. बर्फ पाहिजे, मीठ पाहिजे. आणि मले माहीत आहे ते कशात ठेवायचं.

चारू

९ मे १९७७

दादा,

आपला आइसक्रीमचा पॉट लॅबमध्ये आहे.

तोच, लाकडी बादलीचा, हँडल फिरवून फिरवून तुझे खांदे दुखायचे तो. तू हँडल फिरवायचा आणि मी वरून मीठ टाकायची, आणि तू चिल्लावायचा, "अबे, डब्यात नको टाकू, बर्फात टाक!" बर्फात मीठ घातलं की थंडी शून्याच्या खाली जाते हे आपण केमिस्ट्री शिकायच्या आधी शिकलो. मधला डबा काढला आणि तिथं माझी फ्लास्क बसवली. मापानं बनवल्यासारखी बसली.

आई म्हणे, "नेते तं ने. पण त्याच्यात जहर बनवशील तं परत आणू नको."

मी म्हटलं, "दादाचंच काम आहे, आई."

आईनं पदरानं पॉट पुसला. मग म्हणे, "झाकण बी घेऊन जा मग." आणि बाबांनी पेपर खाली न करता विचारलं, "मीठ किती लागते?" बाबांनी तुझ्या केमिस्ट्रीबद्दल सहा वर्षांत विचारलेला हा पहिला प्रश्न.

आणि दादा, पडलं. थेंब पडला! आधी काचेवर धुकं आलं, मग एक थेंब, मग दुसरा. पाण्यासारखा साफ. मी हात लावला नाही, श्वास बी हळू घेतला. पण तिसऱ्या-चौथ्या थेंबापाशी बर्फ संपला. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणते, सायकल रिक्षात, पोत्यात गुंडाळून. लॅबपर्यंत येता येता अर्धी रस्त्यावर. लाकडाचा भुसा मागितला तं आरागिरणीवाला म्हणे, लग्नसराई आहे, सगळा बर्फवाल्यांनी नेला. असा थेंब-थेंब मिळाला तं व्हायवापर्यंत रबर कुठून होईल? दिवस पंधरा राहिले. आणि जे जमते ते संध्याकाळी बर्फ वितळला की उडून जाते.

घाबरली नाही. पण थोडीशी घाबरली. हे आईले सांगितलं नाही.

चारू

१४ मे १९७७

दादा,

कुहीच्या एस.टी.नं पोतं आलं. निरोप मिळाला तशी मी आणि आई स्टँडवर गेलो.

आधी मले समजलंच नाही. कंडक्टर म्हणे, "चारुलताबाई कोण? उतरवून घ्या, सगळ्या गाडीत खाज सुटली." पोतं उघडलं तं धानाचं तूस. गच्च भरलेलं, कोरडं, चाळलेलं. एक कणी नाही त्यात. चिठ्ठी शोधली, हात कोपरापर्यंत घालून शोधली, आई म्हणे, "काय हरवलं वं त्यात?" चिठ्ठी नव्हती.

पण पोत्यावर पत्ता होता. तुझ्या अक्षरात, निळ्या खडूनं. "कु. चारुलता, केमिस्ट्री डिपार्टमेंट."

तू ते नाव लिहिलं, दादा. ज्या डिपार्टमेंटचं नाव जेवताना कोणी काढलं की ताट सोडून उठायचा, ते तू स्वतःच्या हातानं लिहिलं. मी ते पोतं घरी आणलंच नाही, सरळ लॅबमध्ये नेलं आणि अक्षर समोर येईल असं टेबलाखाली ठेवलं.

तुसात बर्फ अख्खा राहते. सकाळची लादी दुसऱ्या दिवशी सकाळी बी हातात घेण्यासारखी. आता परीक्षानळीचं बूड भरेल एवढं आयसोप्रीन जमलं आहे. जाड काचेच्या नळीत घेतलं, फोडी जोडायले सोडियमचे बारीक तुकडे घातले, तोंड वितळवून बंद केलं. आता त्याले साठ डिग्रीत काही दिवस ठेवायचं. लॅबचं ओव्हन बंद आहे, दुरुस्तीले गेलं ते आलंच नाही.

पण मी आता शिकली आहे. मी पुस्तक बंद केलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. डिपार्टमेंटची टिनाची शेड! लोखंडी डब्यात वाळू, वाळूत नळी, डबा टिनावर. दुपारी थर्मामीटर पाहिला तं अठ्ठावन्न. ज्या उन्हानं तुझं पळवलं त्याच उन्हाले मी कामाले लावलं. भरून द्यावंच लागेल त्याले.

खाली मोठा बोर्ड लावला, 'फुटू शकते, जवळ येऊ नका'. तो पोट्टा म्हणे, "क्या है ऊपर?" मी म्हटलं, टायर.

व्हायवा २४ले, अकरा वाजता. तुले ये म्हणत नाही. सांगून राहिली फक्त.

चारू

२५ मे १९७७

प्रिय दादा,

तू नाही आला. मी दरवाज्याकडे पाहत होती, खोटं काहून सांगू. पण तुझं पोतं होतं, पॉट होता, तार होती. टेबलावर माझ्यापेक्षा तुझंच सामान जास्त होतं.

सकाळी नळी फोडली. आतलं पातळ राहिलंच नव्हतं. घट्ट, पिवळसर-तपकिरी, चिकट. स्पिरिटमध्ये धुतलं, उरलेलं सोडियम निकामी केलं, बोटानं दाबलं. दबलं आणि परत वर आलं! दादा, परत वर आलं! ओढलं तं लांब झालं, सोडलं तं आखडलं. रोज सालीचं पोतं घेऊन फिरली त्या संत्र्याचा आता काहीच वास नाही, सायकलच्या दुकानाचा वास.

पांढरीपांडे सर आणि बाहेरचे एक्झामिनर आले. हे एक्झामिनर नवीन होते, हैदराबादचे. त्यांनी रबर ओढून पाहिलं, मग पॉट पाहिला, मग तूस पाहिलं आणि हसायले लागले, पण चांगलं हसले. म्हणे, "हू डिझाइन्ड धिस?" मी म्हटलं, "रविंद्र गणपतराव. माझा मोठा भाऊ. याच टेबलावर, १९७१ साली." सर एकदम म्हणाले, "पण त्या वेळी फ्लास्क रिकामी होती."

मी कॉन्व्हेंटची पोट्टी, भांडण बी इंग्रजीत येते मले, पण त्या वेळेस तोंडातून आपलंच निघालं. म्हटलं, "सर, नळाखाली हात धरा ना जरा."

एक्झामिनर म्हणे, काय म्हणते? सर बेसिनपाशी गेले. नळ सोडला, हात धरला. आणि झटक्यात मागे घेतला.

सर बराच वेळ हात पुसत राहिले, कोरडा झाला तरी पुसत राहिले. मग इंग्रजीत नाही, मराठीत म्हणाले, "म्हणजे वास खरा होता." मग थांबून म्हणाले, "त्याला सांग, पांढरीपांडे भेटायला बोलावतो आहे. नाही आला तर मी कुहीला येतो."

जेवायच्या सुट्टीत फळ्यावर त्यांनी स्वतः लिहिलं: लिमोनिन ते रबर, रविंद्र आणि चारुलता. तुझं नाव आधी. तो पोट्टा वाचून म्हणे, "खाली फ्लास्क भरली का बे?" मी म्हटलं, भरली. तो म्हणे, "चाय पिलाओ फिर." पाजला. ताराचंदले बी निरोप धाडला, टायर झाला म्हणून. संध्याकाळी आईनं रबर हातात घेऊन पाहिलं, दाबलं, बाबांले दिलं. बाबा म्हणे, "रविंद्रानं बनवलं?" मी म्हटलं, दोघांनी. बाबांनी ते खूप वेळ हातात धरून ठेवलं, परत मागावं लागलं.

आता शेवटची गोष्ट.

सगळे गेल्यावर मी कपाट उघडलं. रबर तेच आहे ना गा, पेन्सिल खोडायचंच? थोडं चिकटते, काळं होते, पण घासलं तं गेलं. 'फ्लास्क' सगळं गेलं. 'आर.' बी गेलं. लाकूड नवीन दिसते तिथं.

'खाली' मी तसंच ठेवलं आहे.

ते तू खोडायचं. या पाकिटात मेणकागदात गुंडाळून रबराचा अर्धा तुकडा पाठवून राहिली, अर्धा मी ठेवला. कपाटाची किल्ली माझ्याजवळ आहे, दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाही. आला की आधी लॅबमध्ये ये, मग घरी. आईले म्हटलं आहे, पॉट परत आणते, पण आमरस गोठवायचा असेल तं हँडल फिरवायले माणूस लागेल.

तुझी
चारू

ता. क. तुकडा बोटानं दाबून पाहजो. परत वर येते की नाही ते सांग.